घागर, फेटा आणि अर्धं केळं

शिरवळच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. दिवसभर काम एकच. तीन ठिकाणांहून दर मागवायचे, समोरासमोर ठेवायचे आणि कोण कशाच्या बदल्यात काय देतंय ते बघायचं. ही खोड घरी आल्यावरही सुटत नाही. साताऱ्याच्या मंडईतल्या मावशी मला लांबून बघितलं की चांगली कोथिंबीर पोत्याखाली सारतात. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा खेळायला लागले तेव्हा खेळांचेही दर मागवले, यात नवल नाही. कुठल्या खेळात किती जातं आणि पदरात काय पडतं, हे माझ्याइतकं बारकाईनं कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. खेळण्यात मात्र माझ्यापेक्षा पुष्कळ जण पुढे आहेत.

पहिला दर कुस्तीचा, कारण तो घरातच होता. आमचं गाव तासगावहून थोडं आत, द्राक्षबागांमध्ये. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी जत्रांचे फड गाजवलेले पैलवान. कुस्तीला प्रवेश फी नाही. सामान म्हणजे लंगोट. गावात आलेल्या पैलवानाला गावच जेवू घालणार, आणि जिंकला तर पुढं हलगी, डोक्याला फेटा, हातात भांडं. आमच्या घरात कुणी भांडं विकत आणलेलं मला आठवत नाही. घागरी, कळश्या, परात, पुढं पुढं स्टीलचे डबे, सगळं आबांनी पाठी टेकवून आणलेलं. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, अमक्या गावच्या जत्रा कमिटीकडून सप्रेम भेट. माझ्या लग्नात आईनं त्यातलीच चकचकीत बघून भांडी दिली. सासूबाईंनी एकेक उचलून वाचलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे फार पाहुणे आहेत का गं जत्रा कमिट्यांमध्ये?"

नवीन भांडं घरी आलं की आबा ते डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचे आणि उजव्या हाताच्या नखानं टिचकी मारून कानाशी न्यायचे. नाद चांगला आला तर आईकडे द्यायचे. बद्द वाजलं तर म्हणायचे, "पत्रा हाय."

तर असा हा फुकटचा खेळ. पण खरेदी विभागात आम्ही म्हणतो तसं, मशीन स्वस्त असतं, त्याचं तेलपाणी महाग असतं. कुस्तीचं तेलपाणी म्हणजे खुराक. आबांची कुस्ती सुटली आणि धाकट्या भावाची सुरू झाली, तेव्हा आमच्या गोठ्यातल्या दोन्ही म्हशी त्याच्याच झाल्या. पहाटे आबा उठायचे. रात्री भिजत घातलेले बदाम सोलून दगडी कुंडीत टाकायचे. वर खसखस, बडीशेप, चार मिरे. मग लाकडी दांड्यानं घोटत बसायचे. घोटायचं काम वस्तादाचं, बायकांनी त्या कुंडीला हात लावायचा नाही. बदामाची पेस्ट लोण्यासारखी झाली की त्यात धारोष्ण दूध आणि वरून तूप. तो मोठा पितळी पेला भाऊ उभ्यानं प्यायचा, आणि शेवटचा घोट जाईपर्यंत आबा समोरून हलायचे नाहीत. खाली चिकटलेलं दुधानं विसळून तेही त्यालाच. दुसऱ्या कुणी त्यातलं बोटभर जरी चाटलं तरी पैलवानाला खुराक लागू होत नाही, असा आबांचा पक्का समज.

कुंडी धुवायचं काम माझं. धुवायला हात लावलेला चालायचा, तेवढी सूट होती. कडेला राहिलेलं थोडं बोटाला लागायचं. मी ते कधी चाटलं नाही, भाऊ हरला तर माझ्यावर यायचं म्हणून. तरी तो हरायचाच अधूनमधून. आणि तो हरला की आबांचं निदान ठरलेलं असायचं. डाव चुकला, पाय घसरला, समोरचा अंगानं भारी होता, असलं काही ते ऐकून घ्यायचे नाहीत. "खुराक कमी पडला," म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून बदाम वाढायचे आणि आमच्या चहातलं दूध कमी व्हायचं.

मला त्या पेल्याचा हेवा वाटायचा, हे सरळ सांगते. बदाम काय, पुढं मी माझ्या पगारात किलोनं आणले. मला हवं होतं ते आबांनी पहाटे उठून माझ्यासाठी घोटत बसणं.

दुसरा दर खो-खोचा. खर्च शून्य, बूटसुद्धा नाहीत. मिळकत मात्र भरघोस. स्पर्धेला एसटीनं सांगलीला जायचं, वर्ग बुडवायचे, येताना भडंगाचा पुडा. आम्ही एकदा जिंकलो तेव्हा मी प्रमाणपत्र आणि पुडा दोन्ही आबांपुढं ठेवलं. त्यांनी प्रमाणपत्र उलटंपालटं केलं. टिचकी मारण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग पुडा फोडला, कांदा चिरून घेतला आणि खाता खाता म्हणाले, "बरं हाय." त्या रात्री मी अंथरुणात कान देऊन पडले होते, उद्या पहाटे कुंडी आपल्यासाठी वाजते का म्हणून. वाजली ती भावासाठीच.

पुढं भावाची कुस्ती लग्नात संपली आणि त्याला बैलगाडा शर्यतीचं वेड लागलं. इथे मालक पळत नाही, बैल पळतो, म्हणून याला खेळ म्हणावं की नाही यावर माझं आणि भावाचं आजही जमत नाही. खर्चाला अंत नाही. बक्षिसात दुचाकी मिळते म्हणतात, भावाला आजवर नुसता गुलाल मिळालाय. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. एका दिवाळीला मी माहेरी गेले तर पहाटे कुंडीचा आवाज. उठून बघते तर आबा बदाम घोटतायत आणि गोठ्यात बैल वाट बघतोय. भाऊ झाला, आता बैल. माझा नंबर बैलाच्याही मागं होता. मी चूळ भरली आणि गप जाऊन चहा ठेवला.

साताऱ्यात सासरी आल्यावर मुलं मोठी होईपर्यंत खेळ म्हणजे त्यांच्या मागं धावणं. मग मैत्रिणींच्या नादानं बॅडमिंटन धरलं. या खेळाचं एक आहे, रॅकेट एकदाच घ्यायची, पण ती पिसांची फुलं म्हणजे हाताला भोक. आमच्यासारख्या नव्या बायका ती अशी हाणतात की दोन गेममध्ये पिसं हॉलभर. मिळकतीत दोन तासांच्या खेळात एक तास गप्पा, चहा, आणि वर्षातून एकदा स्पर्धा. मला दुहेरीत दुसरं बक्षीस म्हणून पाण्याची बाटली मिळाली, तिच्यावर रक्त तपासणाऱ्या लॅबचं नाव. फोनवर आबांनी विचारलं, "काय मिळालं?" मी सांगितलं. मग म्हणाले, "पाणी भरून दिलती का रिकामीच?"

सायकलचा दर नवऱ्याकडून मिळाला. त्याची सायकल आमच्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग आहे, आणि स्कूटरवर निदान मागं बसता यायचं. हेल्मेट वेगळं, चष्मा वेगळा, गादी शिवलेली चड्डी वेगळी. मिळकत म्हणजे दर रविवारी सगळे मिळून कुठल्या तरी ढाब्यावर मिसळ. जाऊन येऊन जेवढं झिजतं त्याच्यापेक्षा एक पाव जास्तच भरला जातो. दोन वर्षं तो नेमानं सायकल चालवतोय आणि पँट सैल करून घेतोय. हा दर मी पहिल्याच फेरीत बाद केला.

शेवटी पळणं पदरात पडलं. इथे बूट सोडले तर खर्च नाही असं सुरुवातीला वाटतं. मग कळतं की स्पर्धेत पळायचं तर पैसे भरावे लागतात, तेही आधी कित्येक महिने. त्याबदल्यात टी-शर्ट, आणि पळून आल्यावर सगळ्यांना सारखंच पदक. पहिला आला त्यालाही तेच आणि चालत आला त्यालाही तेच. वाटेत पोरंपोरी हातात अर्धं केळं ठेवतात. पण खरी मिळकत दुसरीच असते. त्या सकाळी अख्खं गाव रस्ता मोकळा करून देतं, बायका दारात येऊन टाळ्या वाजवतात, आणि एरवी जे लोक वय झालं आता म्हणतात तेच "चला ताई, चला" ओरडतात. शिवाय वयाप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघींना मंचावर बोलावून फेटा बांधतात. गेल्या वर्षी माझ्या गटात मी चौथी आले. तिसरीला फेटा बांधताना मी खाली उभी राहून टाळ्या वाजवल्या. मला टाळ्यांचा कंटाळा आला होता. फेटा कसा बांधतात ते मी लहानपणापासून बघत आले होते, आता मला तो माझ्या डोक्यावर हवा होता. वर्षभर मी कामाची बस यायच्या आधी यवतेश्वरच्या घाटात चढउतार केली, आमच्या पळण्याच्या ग्रुपला शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं तसंच खाल्लं, तसंच झोपले.

स्पर्धेला तीन आठवडे असताना आबा आले. डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशन साताऱ्यात करायचं ठरलं. आई म्हशी सोडून येईना. आबा लेकीकडे राहायला तसे बिचकणारे, ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली. डॉक्टर पुढची तारीख देत राहिले आणि पिशवी दाराशी तशीच राहिली. रोज सकाळी माझा पाय तिला अडखळायचा.

मी पैसे भरून पळते हे त्यांना इथं आल्यावर समजलं. काळा चष्मा लावून ते सोफ्यावर बसले होते.

"किती भरलंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"आन जिंकल्यावर?"

"फेटा. आन पदक."

"मागं कुत्रं लागलं तर फुकाट पळता येतंय की गं आक्का," आबा म्हणाले. नवरा हसला. त्याच्या सायकलीची किंमत मी तिथल्या तिथं आबांना सांगितली, मग हसायची पाळी आबांची होती.

पण दिवसभर घरात बसून त्या माणसानं करायचं काय? पहाटे मी निघाले की ते गॅलरीत येऊन बसायला लागले. आल्यावर विचारायचे, आज कुठवर. मग एक दिवस म्हणाले, "टाच आपटती हाय तुझी. वरपातूर आवाज येतोय." मी लक्ष दिलं तर खरंच आपटत होती. मग विचारायला लागले, किती जणी असत्यात, तू मागल्या साली कुठं होतीस, पुढची कुठली. चौथी आले होते म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. जत्रेत चौथ्याला काही नसतं, हे त्यांना सांगायला नको होतं.

स्पर्धेच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. आबा आले, खुर्ची ओढली आणि माझी पोटरी अंगठ्यानं दाबली. तालमीत नवीन पोर आलं की अंगात दम आहे का ते आबा असंच दाबून बघायचे. मी दुसरा पाय पाण्यातून वर काढला. त्यांनी दुसरीही दाबून बघितली.

"चांगली धरली हाय," ते म्हणाले आणि उठून आत गेले. थोड्या वेळानं ते फोनवर भावाशी बोलताना ऐकू आलं. बैलाला काय झालं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. दोन दिवसांनी नवरा स्टँडवरून एक गोणपाटात बांधलेलं वजनदार काहीतरी घेऊन आला. एसटीच्या कंडक्टरकडे भावानं दिलं होतं. आबांनी ते कुणाला उघडू दिलं नाही.

स्पर्धेच्या पहाटे गजर व्हायच्या आधी मला जाग आली ती एका आवाजानं. दगडावर लाकूड फिरत होतं, सावकाश, एका लयीत. तो आवाज मी कुठंही ओळखीन. स्वयंपाकघरात दिवा होता. आबा स्टुलावर ताठ बसले होते, गुडघ्यांमध्ये कुंडी, डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तर मान छताकडे करून ते अंदाजानं घोटत होते. ओट्यावर तोच पितळी पेला. बदामाची सालं वाटीत. मी दारातच उभी राहिले.

"आवं आबा, डोळ्याला ताण..."

"डोळ्यानं घोटत न्हाई मी," ते म्हणाले. "आंघोळ करून ये."

आता यातली अडचण सांगते. ताईंनी आम्हाला बजावून बजावून सांगितलं होतं, स्पर्धेच्या सकाळी नवीन काहीही पोटात घालायचं नाही. अर्धं केळं, घोटभर पाणी, बस. दूध तर बिलकूल नाही. आणि इथे शेरभर म्हशीचं दूध, त्यात मूठभर बदाम, खसखस, वर बोटभर तुपाचा थर, आणि हे पिऊन मला घाट चढायचा होता. कुस्तीच्या खुराकानंतर पैलवान जोर मारतो, मग दुपारभर झोपतो. आबांना वाटलं, पळणंही तसंच असणार. नवरा दाराआडून मला हातानं नको नको करत होता. मलाही कळत होतं, हा पेला प्यायला की फेटा गेला. वर्षभराचा घाट गेला.

आबा पेला घेऊन समोर उभे राहिले.

मी पाया पडले आणि प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत ते हलले नाहीत. मग कुंडी दुधानं विसळली आणि तेही मला दिलं. लहानपणी जे बोटावर चाटलं नव्हतं ते सगळं मी उभ्यानं प्यायले. चव कशी होती म्हणाल तर मिरे थोडे जास्त झाले होते.

स्पर्धेचं फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या चढाला दूध माझ्यामागं एक पाऊल होतं, दुसऱ्या चढाला ते माझ्यापुढं गेलं. ढेकर आला की बदाम, उतार आला की तूप. जिला गाठायचं म्हणून वर्षभर झटले होते ती गेल्या वर्षीची तिसरी पहिल्याच वळणावर माझ्या बाजूनं निघून गेली, वर "आज काय झालं?" म्हणून आपुलकीनं विचारूनही गेली. मग खसखस चढली. घाटाच्या कठड्याला टेकून पाच मिनिटं डोळे मिटावेत अशी अनावर इच्छा व्हायला लागली. अँब्युलन्सवाला दोनदा बाजूला येऊन हळू झाला. ढोलपथकातल्या पोरींनी माझ्यासाठी खास वाजवलं, तेव्हा मी ओळखलं की आता आपण फार मागं आहोत. अर्धं केळं पुढं आलं तेव्हा ते बघूनच मी हात जोडले. आणि तरीही, शपथेवर सांगते, मला रडू वगैरे येत नव्हतं. मला मधूनमधून हसू येत होतं. चालता चालता एकटीच हसणारी बाई बघून लोक टाळ्या जास्तच वाजवत होते.

मी पोचले तेव्हा मंचावरचे फेटे बांधून झाले होते आणि खुर्च्या एकावर एक रचायला लागले होते. एका मुलीनं माझ्या गळ्यात पदक घातलं. फाटकाच्या बाहेर झाडाखाली नवऱ्याची स्कूटर, आणि शेजारी आबा. धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलेलं असताना काळा चष्मा आणि तोंडाला उपरणं बांधून ते उभे होते. माझ्या कुठल्याही खेळाला ते याआधी आले नव्हते.

"काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

मी गळ्यातलं काढून दिलं. त्यांनी ते डाव्या हाताच्या बोटांवर तोललं. नखानं टिचकी मारून कानाशी नेलं. पत्राच होता, मलाही ऐकू आलं. पण ते तसं म्हणाले नाहीत. पदक त्यांनी खिशात टाकलं.

"कितवी?"

"लय मागं ऱ्हायले आबा."

नवरा काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं ते मिटलं. आबांनी रस्त्याकडे बघितलं, जिथून अजून एखाददुसरं माणूस लंगडत येत होतं. मग त्यांनी तोंडावरचं उपरणं खाली केलं.

"खुराक कमी पडला," ते म्हणाले. "उद्यापास्नं वाढवू."

"व्हय आबा," मी म्हटलं. घरी गेल्यावर दाराशी ठेवलेली त्यांची पिशवी मी उचलून आत नेली आणि कपडे कपाटात लावून टाकले. त्यांनी बघितलं, पण अडवलं नाही.